काच उत्तम आहे

दांडिया बाजारात आमचं दुकान, फ्रेमचं.
नवी काच महाग होती, वडील जुनी घेत, वजनावर.
दिघ्यांचा फोटो स्टुडिओ बंद पडला
तेव्हा त्यांच्या मुलानं चार पेट्या टांग्यातून पाठवल्या,
सोबत चिठ्ठी:
वरची चित्रं धुऊन टाकावीत. काच उत्तम आहे.

उत्तमच होती.

धुण्याचा सोडा, उकळतं पाणी, नारळाची शेंडी.
मी नऊ वर्षांचा, घासायचं काम माझ्याकडे.
काच बुडवली की पापुद्रा सुटायचा
दुधावरच्या सायीसारखा,
नि सायीवर माणसं असायची,
पांढऱ्या केसांची, काळ्या दातांची,
बोटाला चिकटून वर येणारी.
मी त्यांना मोरीत सोडायचो.

एका काचेवर विश्वामित्रीकाठचा सिनेमाचा कारखाना.
छप्पर काचेचं, कारण तेव्हा दिवे परवडत नसत,
उन्हातच सगळ्या रात्री काढायच्या.
राजवाडा मांजरपाटाचा, वाऱ्यानं पोट आलेला.
राणी खुर्चीत पाय फाकून विडी ओढतेय,
ती राणी म्हणजे कोणी शिरधनकर मास्तर, वडील म्हणाले,
मिशीचे पंधरा रुपये वेगळे घ्यायचा.
कुंपणापलीकडे वाळूवर एक ओंडका.
नीट पाहिलं, तर मगर.
फोटोत सगळ्यांत चांगली तीच आलीय,
हललीच नव्हती.

घासली.
तिच्यात पाणीगेटच्या कोणा घरी लक्ष्मी आहे.

तिसऱ्या पेटीत रावपुऱ्यातलं चंद्रप्रभा थिएटर,
उद्घाटनाची रात्र.
दोन मजल्यांचे सज्जे, कोपऱ्यांवर चुन्याच्या पऱ्या,
नाव मराठीत नि गुजरातीत,
नि दर्शनी भागावर दिवेच दिवे,
उलट्या काचेत काळे, खसखशीसारखे.
मी मोजले. दोनशे अकरा, एक गेलेला.
पण रस्त्यावर चिटपाखरू नाही.

बाबा, पहिल्याच खेळाला कोणी आलं नव्हतं?

अरे, पाय ठेवायला जागा नव्हती!
रात्रीचा फोटो तो.
दिघ्यांनी कॅमेऱ्याचा डोळा सहा-सात मिनिटं उघडा ठेवला,
नि जो हलला
तो काचेला दिसलाच नाही.
तुम्ही कुठे होतात?
तिथेच. तिकिटाच्या खिडकीशी, धक्के खात.
ओल्या बोटानं त्यांनी एक धुरकट जागा दाखवली.
हा धूर आहे ना,
यात मी आहे.

स्पष्ट एकच माणूस.
पायरीवर, टोपली मांडीत घेऊन
बसल्या बसल्या झोपलेला खारी सिंगवाला.
छनाभाई नाव त्याचं. सकाळपासून उभा होता म्हणे.
दाणे मोजता येतील इतका स्वच्छ आलेला.

ती काच मी घासली नाही म्हटलं तर बरं दिसेल.
घासली. सोमवारी गणपती द्यायचा होता,
पंधरा बाय बारा, सोनेरी पट्टी.
छनाभाई पहिल्याच हाताला गेला,
टोपलीसकट.
दिवे गेले, पऱ्या गेल्या.
खिडकीपाशी शेंडी जरा हलकी फिरली असेल,
नऊ वर्षांच्या हाताचं काय सांगावं.

चंद्रप्रभा पाडलं त्याला वीस वर्षं झाली.
वडील त्याआधीच गेले.
त्यांचा फोटो असा नाहीच,
दुसऱ्यांच्या फ्रेमा करण्यात राहून गेला.

परवा बाजवाड्यातल्या प्रधानांची सून आली,
जुना गणपती घेऊन.
लाकडाला वाळवी लागलीय, ॲल्युमिनियमची पट्टी हवी होती.
आणि काका, आ डाघ जतो नथी, ती म्हणाली,
समईची काजळी असेल, नाही?

मी फ्रेम ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.
मोदकाच्या वर, डावीकडे,
धूर.

तिनं अंगठा जिभेला लावून काच पुसून पाहिली.
पुन्हा पुसली, जोर लावून.
मी म्हटलं, राहू दे बेटा,
ते आतून आहे.